आधी रिबाउंड, मग स्प्रिंग: ऑफरोड ट्रकचा सेटअप

देवगडच्या एका डिप्लोमाच्या मुलाने विचारलंय: "दादा, फोर्झा होरायझन ५ या गाड्यांच्या व्हिडिओ गेममध्ये २०१७ ची फोर्ड एफ-१५० रॅप्टर, म्हणजे ऑफरोड पिकअप ट्रक, घेतली. इंजिनावर पॉवर चढवून ए क्लासमध्ये (खेळात गाड्यांना गुणांवरून पाडलेला गट) थेट ८०० गुणांपर्यंत नेली. सपाट रस्त्यावर मस्त पळते. पण क्रॉस कंट्रीत, म्हणजे रस्ता सोडून रानातून जाणाऱ्या शर्यतीत, उडी मारून खाली आली की चेंडूसारखी उसळते, दुसऱ्या उसळीला वाकडी होते आणि कलंडते. वळणावर तोंड आत घेत नाही. स्प्रिंग कडक करून बघितली, उलट वाढलं. एका फास्ट खेळाडूचा सेटअप डाउनलोड केला, तोही जमला नाही. कीबोर्डवर खेळतो. नेमके आकडे सांगा."

झिला, ‘दुसऱ्या उसळीला वाकडी होते’ हे तू बघितलंस, तिथेच निम्मं निदान झालं. बाकीचे ‘गाडी उलटते’ एवढंच सांगतात आणि मग काय धरायचं तेच कळत नाही. पहिल्या आपटीला गाडी सरळ आहे आणि दुसऱ्या उसळीला वाकडी होते, म्हणजे उडीत दोष नाही. टेकल्यावर दबलेली स्प्रिंग गाडीला परत वर फेकते आणि तिला कुणी धरत नाही, दोष तिथे आहे. तू स्प्रिंग आणखी कडक केलीस, म्हणजे फेकणाऱ्याच्या हातात जास्त ताकद दिलीस. वाढणारच.

कुडाळजवळ माझं गॅरेज आहे. बावीस वर्षं पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग), शॉकअप, स्टिअरिंग हेच काम. बोलेरो पिकअप, छोटा हत्ती, चिरेखाणीवरचे डंपर. रात्री शटर खाली ओढलं की हा खेळ खेळतो, आणि त्यातही शक्यतो ट्रकच. खेळातलं सस्पेन्शन शंभर टक्के खऱ्यासारखं आहे असं मी म्हणणार नाही, पण वजन, स्प्रिंग आणि शॉकअप यांचं आपापसातलं नातं त्यात खरं धरलंय. म्हणून गॅरेजात जे शिकलो ते तिथे चालतं.

गॅरेजात शॉकअप गेला की नाही हे बघायला मशीन लागत नाही. बोनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी दाबायचं, पूर्ण खाली गेली की एकदम सोडायचं. गाडी वर आली, जागेवर बसली आणि गप्प झाली, तर शॉकअप चांगला. वर आली, पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली, तर तो गेला. वाकून बघितलंस तर नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर तांबडी धूळ चिकटलेली दिसेल. माझे उस्ताद म्हणायचे, "आधी गाडी दाबून बघ, मगे इंजनाक हात लाव." स्प्रिंगचं काम वजन पेलायचं. तिची हालचाल थांबवायचं काम शॉकअपचं, आणि तोही दोन दिशांना वेगवेगळं काम करतो. दबताना जो विरोध करतो त्याला खेळात बम्प म्हटलंय, उलगडताना जो विरोध करतो तो रिबाउंड. गाडी परत उसळू न देणं हे रिबाउंडचं काम.

हीच दाबून सोडायची परीक्षा खेळात उडीवर घे. एक ठराविक उडी निवड, दर वेळी त्याच वेगाने मार, आणि टेकल्यावर गाडी किती वेळा डोलते ते मोज. एक डोल आणि गप्प, एवढंच हवं. डॅम्पिंगच्या पानावर आकडे १ ते २० पर्यंत जातात. रॅप्टरला मी पुढे रिबाउंड ८ आणि मागे ७ इथून सुरुवात करतो, बम्प त्याच्या निम्म्याच्या जरा वर, म्हणजे पुढे ४.५, मागे ४. मग फक्त रिबाउंड अर्ध्या-अर्ध्याने वाढवत जायचं, डोलणं एकावर येईपर्यंत. दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. एका वेळी दोन गोष्टी बदलल्यास तर कशाने सुधारलं ते तुला कधीच कळणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बिघडली की तू पुन्हा शून्यावर.

इथे एक सापळा आहे आणि त्यात बरेच जण अडकतात. रिबाउंड वाढवल्यावर उडी गोड होते, म्हणून माणूस वाढवतच जातो. मग गाडी ओळीने उंचवटे असलेल्या जागी नेली की एकदम मार खायला लागते. चिरेखाणीच्या रस्त्यावर पावसाळा संपल्यावर डंपरनी जी अवस्था केलेली असते ती आठव: पन्हाळी पत्रा आडवा टाकल्यासारखा रस्ता. अशा जागी चाकाला पहिल्या उंचवट्यावर वर जाऊन, दुसरा येण्याआधी पूर्ण खाली यायला वेळ हवा. रिबाउंड फार जास्त असेल तर चाक अर्धवट उलगडलेलं असतानाच दुसरा दणका बसतो, मग तिसरा. गाडी प्रत्येक उंचवट्याला थोडी थोडी खाली बसत जाते आणि चौथ्या-पाचव्याला सस्पेन्शन तळाला आपटतं. खेळाडूला वाटतं स्प्रिंग मऊ पडली, तो ती कडक करतो, आणि चक्र पुन्हा सुरू. म्हणून परीक्षेच्या जागा दोन हव्यात, उडी आणि पत्र्यासारखा रस्ता. उडीवर रिबाउंड वाढव, पत्र्यावर कमी कर, आणि दोन्हीकडे सहन होईल तिथे थांब. माझी गाडी बहुतेक वेळा ९ च्या आसपास थांबते. तुझी इंजिनाच्या वजनामुळे थोडी वेगळी थांबेल.

हे डोळ्यांनी कळत नसेल तर टेलिमेट्री (गाडीचे चालू आकडे दाखवणारा पडदा) चालू कर आणि सस्पेन्शनचं पान लाव. चारही चाकांचे पट्टे वर-खाली होताना दिसतात. उंचवट्यांच्या ओळीवर पट्टा दर दणक्याला पूर्ण उलगडून परत येतोय की दबलेल्या बाजूलाच अडकून थरथरतोय, एवढंच बघायचं. अडकून थरथरत असेल तर रिबाउंड जास्त. एकाच दणक्यात टोकाला टेकत असेल तर ती तळाला आपटण्याची गोष्ट आहे, त्याचा इलाज वेगळा.

तळाला आपटत असेल तर क्रम असा ठेव. आधी गाडीची उंची पूर्ण वर, मग बम्प थोडा वाढवायचा, आणि त्याने भागलं नाही तरच स्प्रिंग. उंची वाढवली की गाडी कलंडायची भीती वाढते हे खरं, पण क्रॉस कंट्रीत चाकाला हालचालीला जागा मिळणं त्याहून मोलाचं. या गाडीची बांधणीच त्यासाठी झालीय. खऱ्या २०१७ च्या रॅप्टरला फॉक्सचे तीन इंच जाडीचे शॉकअप आहेत, पुढच्या चाकाची हालचाल १३ इंच आणि मागच्याची १३.९ इंच. म्हणजे चाक जवळजवळ हातभर वर-खाली होऊ शकतं. स्प्रिंग कडक केलीस की त्यातली बरीच हालचाल तू स्वतःहून बंद केलीस. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात १९६७ पासून जी ‘बाहा १०००’ नावाची शर्यत होते, तिच्या वाळवंटी रस्त्यांसाठी ही जात घडली, आणि खेळाचा नकाशाही मेक्सिकोचाच आहे. गाडी आणि जमीन एकमेकांना ओळखतात, तू मध्ये येऊ नकोस.

आता स्प्रिंगच्या कडकपणाबद्दल, आणि हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण यात माझ्या हातून चूक झालेली आहे. आंब्याच्या मोसमात एक गिऱ्हाईक पिकअप घेऊन आलं. पेट्या भरून कोल्हापूरला जायचा. म्हणाला, गाडी मागून बसते, पाटे वाढव. मी दोन्ही बाजूंना एक-एक पाटा चढवला. मार्च ते मे गाडी भरलेली होती, तक्रार नाही. जूनच्या पहिल्या पावसात तो फोंडा घाटातून रिकामा उतरत होता. वळणावर एक खड्डा, ओला रस्ता. कडक पाट्यावर रिकाम्या गाडीचं मागचं चाक खड्ड्यात उतरलंच नाही, उडालं. चाक हवेत, म्हणजे पकड नाही, आणि शेपूट बाहेर गेलं. डोंगराच्या बाजूचं गटार होतं म्हणून गाडी तिथे अडकली, तो सुखरूप घरी आला. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही पाटे उतरवले. मोसम संपला की ते उतरवून घे, हे मी त्याला आधीच सांगायला हवं होतं.

खेळातली तुझी रॅप्टर म्हणजे ती रिकामी पिकअप समज. त्या पिढीच्या खऱ्या रॅप्टरला मागे पाटेच आहेत, आणि खेळात तिचा हौदा कायमचा रिकामा. पुढे इंजिनाचं ओझं, मागे जवळजवळ काही नाही. म्हणून मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा मऊ हवी, आणि किती मऊ ते वजनाची वाटणी सांगते. अपग्रेडच्या पानावर पुढच्या वजनाची टक्केवारी दिसते. समजा ती ६० आहे, तर पुढे ६० मागे ४०, म्हणजे तीनास दोन. पुढची स्प्रिंग ९० ठेवलीस तर मागची ६०. हे एकक कुठलंही असो, प्रमाण तेच. आणि पूर्ण पट्टीवर कुठे ठेवायचं म्हणशील तर क्रॉस कंट्रीसाठी पट्टीच्या खालच्या एक-तृतीयांशात. आधी मऊ ठेव, आपटायला लागली तर दोन्हीकडे त्याच प्रमाणात थोडी थोडी वाढव. वजन कमी करणारा पार्ट लावलास किंवा इंजिन बदललंस तर हे गणित पुन्हा करायचं. हे विसरतात लोक, आणि जुन्या आकड्यांना दोष देतात.

आता कलंडणं. उसळी गेली की निम्मं कलंडणं आपोआप जाईल. राहिलेलं निम्मं तुझ्या बोटांत आहे. कीबोर्डवर डावं दाबलं की चाक पूर्ण डावीकडे, मधलं काही नाही. हवेत असताना तू गाडी सरळ करायला बाण दाबून धरतोस, आणि टेकताना पुढची चाकं वळलेली असतात. मोठे ऑफरोड टायर वळलेल्या चाकावर पकड धरतात, वरचं सगळं वजन पुढे जात राहतं आणि गाडी त्या पकडीवरूनच पलटी खाते. टेकायच्या क्षणभर आधी बाण सोड. खेळ मागे नेणारं रिवाइंड आहेच, तीच उडी दहा वेळा मारून हात बसव. हा सराव एका संध्याकाळचा आहे, आणि सेटअपच्या पानावरच्या कुठल्याही स्लायडरपेक्षा (आकडा बदलायची सरकपट्टी) जास्त देऊन जाईल.

वळणावर तोंड आत येत नाही याची दोन कारणं मला दिसतात. पहिलं अँटीरोल बार. हा डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा. एक चाक दगडावर चढलं की कडक दांडा दुसऱ्यालाही ओढून उचलतो. कच्च्यात ते नको, म्हणून दोन्हीकडे मऊ. पट्टी १ ते ६५ पर्यंत आहे, मी पुढे १० आणि मागे १६ इथून सुरू करतो. पुढचा मागच्यापेक्षा मऊ असला की पुढच्या टायरांना पकड जास्त मिळते आणि तोंड वळतं. अजून वळत नसेल तर मागचा दोन-दोनने वाढव. शेपूट फार सुटायला लागलं की परत ये.

दुसरं कारण डिफरन्शियल, म्हणजे वळणावर चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, आणि माझा संशय त्यावरच जास्त आहे. जुन्या धाटणीची फोर बाय फोर जीप डांबरी रस्त्यावर फोर-व्हीलमध्ये टाकून नागमोडी वळण घेतलं आहेस का कधी? गाडी आखडते, स्टिअरिंग जड होतं, तोंड सरळच जाऊ बघतं. वळणावर प्रत्येक चाकाला वेगवेगळं अंतर कापायचं असतं आणि यंत्रणा त्यांना एकाच वेगाने फिरायला भाग पाडते. खेळात पुढच्या डिफरन्शियलचं ॲक्सलरेशन (पॉवर देताना चाकं किती जखडायची तो आकडा) ७०-८० वर ठेवलंस की पुढची दोन चाकं अशीच जखडली जातात. ते ३० वर आण. मागचं ६० च्या आसपास, सेंटर बॅलन्स, म्हणजे पुढे-मागे पॉवरची वाटणी, ६५ टक्के मागे. डिसेलरेशन दोन्हीकडे १० ते १५, म्हणजे ॲक्सलरेटर सोडला की तोंड मोकळेपणाने आत येतं. कीबोर्डवर ॲक्सलरेटर एकतर शून्य नाहीतर शंभर, त्यामुळे मागचं ६५ च्या वर नेऊ नकोस; पूर्ण पॉवर एकदम आली की मागची दोन्ही चाकं एकत्र घसरतात. ज्या खेळाडूचा सेटअप तू उतरवलास तो बहुधा कंट्रोलरच्या ट्रिगरवर हळूहळू पॉवर देत असणार. त्याचे आकडे त्याच्या बोटांसाठी आहेत. शिवाय त्याने तो डर्ट, म्हणजे कच्च्या रस्त्यावरच्या, शर्यतीसाठी केला असेल तर क्रॉस कंट्रीच्या उड्यांना तो पुरणार नाही, हेही बघ.

टायरची हवा. तारकर्लीच्या बाजूला वाळूत रुतलेली गाडी काढायला बोलावतात तेव्हा मी दोरखंड काढायच्या आधी चारही चाकांची हवा १५ ते १८ पीएसआयवर आणतो. टायर बसतो, जमिनीला टेकणारा ठसा लांब होतो, निम्म्या गाड्या तेवढ्यावरच निघतात. खेळात हवा १५ ते ५५ पीएसआयमध्ये बदलता येते आणि त्यासाठी एकही पार्ट विकत घ्यावा लागत नाही. ऑफरोड टायरवर मी पुढे २० आणि मागे १९ ठेवतो. वाटेत डांबराचा तुकडा जास्त असेल तर २४-२५ पर्यंत, नाहीतर गाडी वळताना आळशी वाटते. दर गुरुवारी खेळात ऋतू बदलतो, माती ओली-सुकी होते, पण त्यासाठी हवेत दोन-तीनच्या वर फरक करायची वेळ माझ्यावर आलेली नाही.

आता चाकांचे कोन: कॅम्बर पुढे उणे ०.५, मागे शून्याच्या जवळ, टो शून्य, कॅस्टर ५.५ ते ६. यावर याहून जास्त वेळ घालवू नकोस, एवढ्या लांब हालचालीच्या गाडीत तो फरक तुला अजून जाणवणार नाही. ब्रेक मी मूळचेच ठेवतो. गिअरचं एकच सांगतो: मूळ रॅप्टरला १० गिअर आहेत, ऑटोमॅटिकवर उडीत चाकं हवेत फिरली की गाडी पटकन वरच्या गिअरला जाते आणि टेकताना तिच्यात दमच नसतो. रेस ट्रान्समिशनमध्ये कमी गिअर घे किंवा फायनल ड्राइव्ह (सगळ्या गिअरांना एकत्र लागू होणारं प्रमाण) ॲक्सलरेशनच्या बाजूला थोडा सरकव. क्रॉस कंट्रीत वरचा वेग फारसा गाठलाच जात नाही.

आणि शेवटी ते इंजिन, ज्यावर तू सगळे गुण खर्च केलेस. ए क्लासची मर्यादा ८००, त्यातला प्रत्येक गुण इंजिनाला दिला की टायरला आणि सस्पेन्शनला काही उरत नाही. आणि ते पार्ट लावले नसतील तर वर सांगितलेले निम्मे स्लायडर तुला कुलूप लागलेले दिसतील. पॉवर थोडा काढ. आधी ऑफरोड टायर, मग पूर्ण बदलता येणारं रॅलीचं किंवा ऑफरोड सस्पेन्शन, अँटीरोल बार, डिफरन्शियल, मग वजन, आणि जे उरेल ते इंजिनाला. सपाटीवर तू आत्तापेक्षा हळू असशील. पण तू सरळ रस्त्यावर जे दोन सेकंद कमावतोस ते एका कलंडण्यात दहा करून घालवतोस. चाक जमिनीवर नसेल तर त्या पॉवरने फक्त हवा ढवळली जाते.

प्रत्येक बदल वेगळ्या नावाने सेव्ह कर. पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि तासाभराची मेहनत गेल्याचं दुःख मला माहीत आहे. शेजारी एक वही ठेव: उडीवर किती डोल, पत्र्यावर कितव्या दणक्याला आपटली, वळणावर तोंड आत आलं की शेपूट बाहेर गेलं. गॅरेजात माझ्याकडे अशा बारा वह्या आहेत, तेलाचे डाग पडलेल्या. आठवडाभर हे कर आणि त्या वहीचं पान मला फोटो काढून पाठव. आकडे न पाठवता नुसतं डोलणं लिहून पाठवलंस तरी चालेल, त्यावरून पुढचं मी सांगेन. आणि शनिवारी कुडाळला येणं झालं तर गॅरेजवर ये. एक शॉकअप उघडून टेबलावर ठेवलाय, त्यातल्या झडपा हाताने दाबून बघितल्यास तर बम्प आणि रिबाउंड वेगळे का असतात ते दोन मिनिटांत कळेल.